जाळीखालचं

१

माणसाला कशाचा अभिमान असेल याचा काही नेम नाही. कुणाला घराण्याचा असतो, कुणाला गळ्याचा. तारबाईंना मोरीचा होता. त्यांनी सगळी नोकरी मुलींच्या वसतिगृहात रेक्टर म्हणून काढली. लांब केसांच्या मुली मजलेच्या मजले भरून एका छपराखाली नांदल्या की बाथरूमची काय दैना होते, हे त्यांच्याइतकं कुणी पाहिलं नसेल. टोकाला आकडा वळवलेली एक जाड तार त्यांच्या टेबलाच्या खणात कायम असायची. मुलींनी त्या तारेवरूनच त्यांना नाव पाडलं होतं. निरोपसमारंभात एक मुलगी ते नाव चुकून माइकवर बोलून गेली, तेव्हा सगळ्यांत आधी त्या स्वतःच हसल्या होत्या.

आता त्या मुलाकडे आणि सुनेकडे राहत होत्या, पण शनिवारचा नेम काही सुटला नव्हता. सगळ्यांच्या अंघोळी उरकल्या की बाह्या सरसावून त्या बाथरूममध्ये शिरत. जाळी उचलायची, खालच्या खळग्यात तार सोडायची आणि हलकेच फिरवायची. आकड्याला काही लागलं की सावकाश वर घ्यायचं. हिसका द्यायचा नाही, कारण हिसक्याने तुटतं आणि तुटलेलं पाइपात आणखी खाली जाऊन बसतं. मग खायचा सोडा, त्यावर व्हिनेगर, आणि फेस खाली बसला की पातेलंभर उकळतं पाणी. स्वयंपाकघरातल्या सिंकलाही हाच पाहुणचार व्हायचा. तिथे तेलकट भांडी आधी कागदाने पुसून घ्यायची असा दंडक होता, आणि तो मोडणाऱ्याला, म्हणजे मुलाला, रोज बोलणी बसत.

"आई, तुला माणसांपेक्षा पाइपांचा जास्त लळा आहे," तो म्हणायचा.

"पाइप उलट उत्तर देत नाहीत," त्या म्हणायच्या.

आतल्या खोलीतून सून हसायची. हल्ली ते हसणंही बंद झालं होतं. सून आजारी होती, आणि घरातलं सगळं बोलणं हळूहळू औषधांच्या वेळांपुरतं उरलं होतं.

२

ही पोर आईविना मामाकडे वाढलेली. लग्न होऊन आली तेव्हा सासूला काय म्हणायचं यावर ती बरेच दिवस अडखळत होती. "अहो" म्हणून वेळ मारून न्यायची. एकदा केसांत गुंता झाला म्हणून तारबाईंनी तिला समोर बसवलं आणि फणी हातात घेतली. अर्धे केस विंचरून झाले तेव्हा ती एकदम म्हणाली, "आई, जरा हळू." तेव्हापासून रोज सकाळी त्या तिचे केस विंचरायच्या. तारबाईंनी आयुष्यभर पोरी सांभाळल्या खऱ्या, पण सुट्टी लागली की त्या सगळ्या आपापल्या घरी निघून जायच्या. ही जाणारी नव्हती. या वयात असं कुणी आपल्या वाट्याला येईल असं त्यांना कधी वाटलं नव्हतं, आणि आता ते हातचं जाईल की काय या भीतीने त्या रात्री उठून तिचा श्वास ऐकत.

आजार तापाने सुरू झाला. ताप हटेना आणि केस ओंजळीने गळायला लागले. डॉक्टर म्हणाले, कापून टाका, तेवढाच त्रास कमी. केस कापायला घरी बाई बोलावली. कानाच्या वर जेमतेम नखभर केस उरले. सुनेने आरशात पाहिलं नाही. मग तपासण्या झाल्या आणि सगळ्या स्वच्छ निघाल्या. डॉक्टरांनी अशक्तपणा असं नाव दिलं आणि म्हणाले, जाईल हळूहळू. तो काही जाईना. आठवडाभर ती थोडी सावरायची आणि शनिवारी दुपारी पुन्हा ताप भरायचा.

केस कापल्याला बरेच महिने उलटून गेल्यावरच्या एका शनिवारी तारबाईंनी तार वर घेतली, तर आकड्याला लांब काळे केस होते.

त्यांनी ते उजेडात धरून पाहिले. मुलाच्या डोक्यावर केस नावालाच होते. त्यांचे स्वतःचे पांढरे, मानेपर्यंतचे. जुने असतील, त्यांनी मनाशी म्हटलं, पाइपाच्या वळणात अडकून राहिले असतील. असं होतं. पण जुने केस कसे येतात हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. ते राखाडी होतात, साबणाच्या चिकट थरात लडबडून येतात, आणि त्यांच्या वासाने जेवण नको होतं. हे केस धुतल्यासारखे होते. वास कसलाच नव्हता. त्यांनी ते वर्तमानपत्रात गुंडाळून कचऱ्यात टाकले आणि सोड्याचा डबा उघडला.

३

पुढच्या शनिवारी आणखी आले, त्याच्या पुढच्या शनिवारी त्याहून जास्त. वरच्या मजल्यावर एक म्हातारे गृहस्थ एकटेच राहत. त्यांच्या घरी कुणी पाहुणी आली आहे का, याची तारबाईंनी जिन्यात सहज म्हणून चौकशी केली. "माझ्याकडे कोण येणार?" ते म्हणाले आणि तब्येतीचं सांगत बसले.

केस ओढताना त्यांना ताण लागायचा. अडकलेल्या गुंत्याचा ताण निराळा असतो. तो एकदा सुटला की सुटला. हा ताण उलटा मागे ओढत होता. आणि बोटांना गुंडाळलेले केस कोमट होते. आत्ताच कुणाच्यातरी अंगाचं पाणी खाली गेलं असेल, असं म्हणत त्यांनी केस ओढले.

"आई, हाक मारलीत का मला?" आतल्या खोलीतून आवाज आला.

"नाही गं. का?"

"कुणीतरी..." ती म्हणाली आणि पुढे बोललीच नाही. दुपारी तिला ताप भरला. संध्याकाळी तिला उठून बसवायला मायलेकांना दोन्ही बाजूंनी धरावं लागलं.

मध्यंतरी तारबाईंची बहीण जिन्यावरून पडली. तिच्या शुश्रूषेला त्या परगावी गेल्या आणि लागोपाठचे दोन शनिवार चुकले. परत आल्या तर दार सुनेने उघडलं. उभ्याने, स्वतःच्या पायांवर. चहा तिनेच केला. साखर विसरली होती, पण तारबाईंनी तो तसाच, डोळे पुसत प्यायला.

"तुम्ही नव्हतात ना, म्हणून बरी झाले," सून म्हणाली. "सासू गावाला गेली की सुनांचं रक्त वाढतं, ठाऊक नाही का?"

"वाढू दे, वाढू दे. मी उद्याच परत जाते."

"जाऊन दाखवा," ती म्हणाली आणि तिने त्यांच्या खांद्यावर डोकं टेकलं.

बाथरूममध्ये पाणी रेंगाळत होतं. दोन आठवड्यांचं साचलं असणार. तारबाईंनी प्रवासाचे कपडेही बदलले नाहीत, सवयीने तार घेतली आणि बसल्या. त्या दिवशी इतके केस निघाले की बादली भरली. वर पातेलंभर उकळतं पाणी ओतलं, आणि पाणी घोट घेतल्यासारखं खाली गेलं. रात्रीच्या जेवणाला सून उठली नाही. ती भिंतीकडे तोंड करून पडली होती, आणि कपाळावर हात ठेवला तर चटका बसत होता.

४

तारबाई काही भाबड्या नव्हत्या. वसतिगृहात दर पावसाळ्यात एखाद्या खोलीत भूत निघायचं आणि ते शोधायला टॉर्च घेऊन त्याच जायच्या. तिथे कधी खिडकीची सैल कडी निघाली, कधी मांजर. त्यामुळे ही गोष्टसुद्धा एकदाच पडताळून पाहायची आणि डोक्यातून काढून टाकायची, असं त्यांनी ठरवलं.

मुलगा कामावर गेला होता. सून पलंगावर पडून मामीशी फोनवर बोलत होती. तारबाईंनी बाथरूमचं दार उघडंच ठेवलं. जाळी उचलली, तार सोडली, आकड्याला लागलं तेव्हा थांबल्या. खोलीतून बोलणं स्पष्ट ऐकू येत होतं. मामीने नवे पडदे शिवले होते, त्याबद्दल चाललं होतं.

त्यांनी तार किंचित वर घेतली.

"निळा रंग त्या खोलीला..." बोलणं थांबलं. फोनमधून मामीचा बारीक आवाज येत राहिला, अगं ऐकतेस ना, ऐकतेस ना. तारबाईंनी तार सैल सोडली.

"...शोभेल असं मला वाटत नाही," सून म्हणाली, मध्ये काही झालंच नसल्यासारखं.

योगायोग, तारबाई ओठांतल्या ओठांत म्हणाल्या. पुन्हा तार वर घेतली. पुन्हा शब्द अर्ध्यावर तुटला. सोडली, उरलेला अर्धा आला. आणखी एकदा करून पाहावं असं त्यांच्या मनात आलं, पण तोवर आकड्यावरचे केस सुटायला लागले होते. पाण्यासोबत वाहून गेले असं म्हणायला तिथे पाणीच नव्हतं. झोपेत कुणी डोकं ओढून घ्यावं तसे ते आकड्यावरून सरकले आणि भोकात गेले.

तारबाई त्या ओल्या फरशीवरच बसून राहिल्या. किती शनिवार झाले असतील? वर्तमानपत्राच्या किती पुड्या त्यांनी कचऱ्यात टाकल्या, आणि प्रत्येक पुडीनंतर किती कढत पाणी ओतलं. शनिवारी दुपारी चढणारा तो ताप. डॉक्टरांनी डोकं खाजवलं होतं त्या तापापायी, आणि त्याचं पातेलं त्यांच्याच गॅसवर उकळत होतं. ज्या हातांनी विंचरलं त्याच हातांनी, इतक्या नेमाने. त्यांना मोठ्याने रडावंसं वाटलं, पण पलीकडे पोर बोलत होती, म्हणून त्यांनी तोंडात टॉवेल धरला.

५

तार कपाटावर सुटकेसच्या मागे गेली. सोड्याचा डबा त्यांनी शेजारणीला देऊन टाकला. मोरी तुंबायला लागली आणि ज्या बाईने जन्मात पाणी साचू दिलं नव्हतं ती ते साचताना बघत बसली. मुलाने अंघोळ केली की त्या मगाने पाणी उपसून बादलीत भरत आणि संडासात नेऊन ओतत. सुनेला खोलीतच पाटावर बसवून, टबात अंघोळ घालत. कंबर मोडून यायची, पण त्याचं त्यांना बरंच वाटायचं. आपल्याला काहीतरी भोगायला मिळतंय असं वाटायचं.

"तारबाईंच्या घरात मोरी तुंबली," मुलगा म्हणाला. "पेपरात द्यायला हवं. मी प्लंबरला सांगतो."

"काही नको. परक्या माणसाचा हात लागायला नको. माझं मी बघते."

"कंबर बघ तुझी आधी."

"मी बघते म्हटलं ना."

त्याने हात जोडले. आईचा हट्ट त्याच्या लहानपणापासूनच्या ओळखीचा होता. त्या रात्री भांडी आवरताना तारबाईंनी धीर केला. "त्या जाळीखाली काहीतरी आहे," त्या म्हणाल्या.

"असणारच. केस असतील."

"तिचे."

"मग काय माझे असणार?" त्याने टकलावरून हात फिरवला आणि इतक्या दिवसांनी मनापासून हसला. बायको बरी होत होती, त्याला हसू येत होतं. त्याचा तो चेहरा पाहून त्याही हसल्या. पुढचं वाक्य तोंडात तयार होतं आणि त्यांनी ते गिळलं. म्हातारीचं डोकं फिरलंय असं त्याला वाटलं असतं. वाटलं असतं तर वाटू द्यायला हवं होतं.

पण सून खरंच बरी होत होती. तिला भूक लागायची. तिने कपाट आवरलं, खिडक्या पुसल्या, एक दिवस जिना उतरून खालच्या दुकानापर्यंत जाऊन आली आणि धापा टाकत जिंकल्यासारखी सोफ्यावर बसली. डोक्यावरचे केस बोटाच्या दोन पेरांइतके वाढले होते. आता ती आरशात बघायची.

६

एका दुपारी तारबाई मग घेऊन बसल्या होत्या. झरोक्यातून ऊन थेट जाळीवर पडलं होतं. साचलेलं पाणी आश्चर्य वाटावं इतकं नितळ होतं. जाळीच्या भोकांमधून केस वर आले होते आणि पाण्यात पसरले होते. पाणी स्थिर होतं. केस हलत होते, सगळे एकाच बाजूला, मग सगळे दुसऱ्या बाजूला.

हॉलमध्ये सून टीव्ही बघत होती. ती कशालातरी हसली आणि केस थरथरले.

तारबाई वाकल्या. आपण वाकू नये हे त्यांना कळत होतं. ऊन जाळीच्या आरपार जात होतं आणि खाली, हातभर अंतरावर, केसांच्या मुळांशी एक पांढुरकी रेघ दिसत होती. सरळ, जराशी डावीकडे झुकलेली. ती रेघ त्यांनी स्वतः फणीच्या टोकाने रोज सकाळी काढली होती. तो भांग होता.

भांगाखालचं त्यांना दिसलं नाही. ते डोकं मान खाली घालून बसलेलं होतं, विंचरून घ्यायला बसावं तसं.

त्यांनी खांद्यावरचं फडकं जाळीवर टाकलं आणि पाठीने दार लोटत बाहेर आल्या. सोफ्यावर सून पाय पोटाशी घेऊन बसली होती.

"काय झालं, आई? पांढऱ्याफटक पडलात."

"काही नाही. उन्हाने."

"या, बसा इथे."

त्या बसल्या. तिचा हात हातात घेतला. तो गार होता की ऊबदार हे बघायची त्यांची हिंमत झाली नाही. जाळीखाली ती आहे तर ही कोण, हा प्रश्न त्यांच्या मनाच्या दाराशी येऊन उभा राहिला आणि त्यांनी तो आत घेतला नाही. दोन्हीकडे तीच असेल. कशीही असो. मोरी तुंबलेली राहील तोवर ती हसेल, एवढं त्यांना पुरे होतं, आणि मरेपर्यंत पाणी उपसायची त्यांची तयारी होती.

७

संत्री खावीशी वाटतात, असं सून म्हणाली म्हणून तारबाई बाजारात गेल्या. सुट्टीचा दिवस होता. मुलगा घरीच होता आणि आई बाहेर पडतेय म्हटल्यावर तो नको इतक्या आनंदाने "सावकाश ये" म्हणाला. संत्री निवडून घेताना त्यांना ते आठवलं, पण त्यांनी फार मनावर घेतलं नाही. आज त्यांना जरा मोकळं वाटत होतं.

परतताना जिन्यातच घरघर ऐकू आली. आधी वाटलं, कुणाकडे भिंतीला भोकं पाडतायत. दुसऱ्या मजल्यावर आवाज आपल्याच घरातून येतोय हे त्यांना कळलं, आणि त्या भराभर वर चढल्या.

दार उघडं होतं. बाथरूममध्ये एक प्लंबर गुडघ्यांवर बसला होता. मोटरवर फिरणारी लांब स्प्रिंग जाळीच्या भोकात जात होती आणि मुलगा मागे उभा राहून कौतुकाने बघत होता. सून हॉलमध्ये खुर्चीवर बसली होती. तिने सासूला पाहिलं आणि खोडी पकडली गेल्यासारखी हसली.

"रागावू नका हं, आई. मीच सांगितलं बोलवायला. किती दिवस उपसणार आहात? तुमची कंबर..."

शब्द तिथेच थांबला. तोंड उघडं राहिलं.

"थांबवा," तारबाई म्हणाल्या. पिशवी हातातून सुटली. "बंद करा ते."

"आई, अगं झालंच," मुलगा आतून ओरडला, मोटरच्या आवाजात त्याला नीट ऐकू येत नव्हतं. "आता चिडू नकोस."

"लागलंय काहीतरी जड," प्लंबर म्हणाला. "सोडत नाही. जरा उलटं फिरवतो."

तारबाई बाथरूमकडे धावल्या आणि अर्ध्या वाटेत थांबल्या, कारण मागे खुर्ची करकरली. सून पुढे झुकत होती. मान खाली जात होती, हळूहळू, आणि मग हळूहळू नाही. त्यांनी मागे फिरून तिला दोन्ही हातांनी धरलं, डोकं छातीशी आवळलं. त्या आखूड केसांखाली काहीतरी त्यांच्या हातांपासून दूर ओढलं जात होतं. त्यांनी होतं नव्हतं तेवढं बळ लावलं. ओढाओढीत आपण कुठल्या बाजूला आहोत हे त्यांना या वेळी नक्की ठाऊक होतं, आणि त्यांचं बळ पुरत नव्हतं.

"आलं," प्लंबर म्हणाला.

मोटर बंद पडली. पाइपात एक मोठा घोट उतरला आणि साचलेलं सगळं पाणी एका दमात गेलं. त्यानंतरच्या शांततेत बादलीत काहीतरी ओलं, जड पडल्याचा आवाज आला.

"साहेब," प्लंबर म्हणाला. त्याचा आवाज बदलला होता. "हे झाकायला काही आहे का?"

"केसच ना? द्या कचऱ्यात टाकून," मुलगा म्हणाला. तो बादलीकडे पाहत नव्हता. त्याने नळ सोडला होता आणि पाणी कसं सरसर जातंय हे वाकून बघत होता. "वा. अगं, ये इकडे, बघ तरी. आई, तूही ये."

हॉलमध्ये तारबाई खुर्चीपाशी गुडघे टेकून बसल्या होत्या. हातांतलं ओझं अगदी हलकं झालं होतं. त्यांनी तिच्या कपाळावर हात ठेवला. ताप नव्हता.

"अगं, येतेस ना?" आतून मुलाने पुन्हा हाक मारली.